सिनेमाचं सोवळं-ओवळं : युरोप-अमेरिकेच्या पडद्यावरची नग्नता आणि हिंसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

परदेशी सिनेमाचा विषय निघाला की पुढचे प्रश्न हमखास येतात. उत्तरं देताना माहिती दिली आहे आणि मतंही मांडली आहेत. मतं माझी आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही.

अमेरिकेत गोळीबार चालतो पण नग्नता चालत नाही, आणि युरोपात नेमकं उलटं. हे खरं आहे का?

ढोबळमानाने हो. ‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’ या फ्रेंच सिनेमाला २०१३ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. दोन तरुणींच्या प्रेमाची ही गोष्ट, त्यात लांबलचक प्रणयदृश्यं. फ्रान्सने तो बारा वर्षांवरच्या सर्वांना खुला केला, तर अमेरिकेत त्याला ‘एनसी-१७’ मिळालं, म्हणजे सतरा वर्षांपर्यंतच्या कुणालाच प्रवेश नाही, आईवडील सोबत असले तरी नाही. न्यूयॉर्कच्या एका चित्रपटगृहाने मात्र हे रेटिंग बाजूला ठेवून हायस्कूलच्या वयाच्या मुलांना आत सोडलं, आणि ते बेकायदा नव्हतं. का, ते पुढच्या उत्तरात येईल.

उलट दिशेचं प्रसिद्ध उदाहरण स्वीडनचं आहे. स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ अमेरिकेत घरच्या सगळ्यांनी मिळून पाहायचा सिनेमा होता. स्वीडनच्या सेन्सॉरने १९८२ मध्ये तो अकरा वर्षांखालच्या मुलांसाठी बंद केला, कारण लहान मुलं घाबरतील. त्यात ना कुणी कपडे काढतं, ना कुणी कुणाला मारतं!

पण हा नियम फार ताणू नये. ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’मध्ये चाबकाचे फटके आणि रक्त याशिवाय फारसं काही नाही. ब्रिटनने त्याला १८ दिलं आणि फ्रान्सने १२. दोन्ही युरोपच.

हे रेटिंग देतं कोण? सरकार?

अमेरिकेत सरकारचा संबंध नाही. मोठ्या स्टुडिओंच्या संघटनेने, तिचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांच्या पुढाकाराने, १ नोव्हेंबर १९६८ पासून ही पद्धत सुरू केली. लॉस एंजेलिसमधलं एक मंडळ सिनेमे बघतं. त्यात मुख्यतः पालक असतात आणि बहुतेकांची नावं गुप्त ठेवली जातात. कायद्याने रेटिंग घ्यायची सक्ती नाही, पाळायचीही नाही. सगळा मामला धंद्यातल्या आपसातल्या समजुतीचा आहे. म्हणूनच न्यूयॉर्कचं ते चित्रपटगृह बिनधास्त होतं.

युरोपात देशागणिक तऱ्हा वेगळी. फ्रान्समध्ये एक आयोग शिफारस करतो आणि संस्कृतिमंत्री प्रमाणपत्र देतात. जर्मनीत व्हीसबाडेनची ‘एफएसके’ ही संस्था १९४९ पासून काम करते. ती चित्रपट उद्योगाची, पण निर्णयात राज्यांचे प्रतिनिधी बसतात. ब्रिटनचं ‘बीबीएफसी’ १९१२ सालचं. तेही सरकारी नाही, पण चित्रपटगृहात काय लागावं याचा अंतिम अधिकार कायद्याने तिथल्या नगरपालिकांकडे आहे. क्रोननबर्गचा ‘क्रॅश’ १९९७ मध्ये मंडळाने पास करूनही लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात लागू शकला नाही, तो यामुळेच.

हॉलिवूड पहिल्यापासूनच असं होतं का?

नाही. आधी दोन्हींवर बंधनं होती. १९१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य नाही, असा निकाल दिला. त्यामुळे राज्याराज्यांत सेन्सॉर मंडळं कात्री घेऊन बसली. त्यातच कॅथलिक चर्चने बहिष्काराची मोहीम उघडली. सरकारने दारात यायच्या आत आपणच झाडून घ्यावं, या हिशेबाने स्टुडिओंनी १९३० मध्ये एक आचारसंहिता मान्य केली आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीनच्या हाताखाली ती कडकपणे राबवली. तिला ‘हेज कोड’ म्हणतात.

त्या संहितेत कामुक चुंबनाला बंदी होती, तशी क्रूर हत्या तपशिलाने दाखवायलाही होती. खून करण्याची पद्धत अशी दाखवू नये की कुणी तिची नक्कल करेल, असं कलम होतं. ‘आधुनिक काळातल्या’ सुडाचं समर्थन करू नये, असंही एक कलम होतं. आता काउबॉय मंडळी तर एकोणिसाव्या शतकातली! त्यांनी खुशाल सूड घ्यावा. पिस्तुलाचा आवाज, माणूस छातीवर हात ठेवून कोसळतो, कपड्यावर डाग नाही. अशी स्वच्छ मरणं अमेरिकन प्रेक्षकाने तीस-पस्तीस वर्षं पाहिली. माझ्या मते अमेरिकन पडद्याची हिंसेशी जी सलगी आहे तिचं मूळ इथे आहे : मरण दाखवा, पण त्याचा घाणेरडा भाग दाखवू नका.

हिचकॉकच्या ‘सायको’च्या (१९६०) वेळी न्हाणीघरातल्या खुनात चाकूचे वार किती, यापेक्षा नायिकेची छाती दिसते की नाही यावर जास्त खल झाला.

‘पीजी-१३’ म्हणजे काय आणि त्याचा एवढा गवगवा का?

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९८४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ आठवा. भारतात चित्रीकरणाला परवानगी मिळाली नाही म्हणून श्रीलंकेत उभारलेला भारत, आणि त्यात मोलाराम झालेले अमरीश पुरी एका माणसाच्या छातीत हात घालून धडधडतं काळीज बाहेर काढतात. या सिनेमाला ‘पीजी’ मिळालं होतं, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली मुलांना चालेल असा शिक्का, त्यामुळे आईबाप पोराटोरांना घेऊन गेले. त्याच उन्हाळ्यात ‘ग्रेम्लिन्स’ आला, तोही ‘पीजी’. पालक खवळले. तेव्हा स्पीलबर्गनेच व्हॅलेंटींना सुचवलं की ‘पीजी’ आणि ‘आर’ यांच्यामध्ये एक पायरी हवी. जुलै १९८४ मध्ये ‘पीजी-१३’ आलं, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावधगिरीचा इशारा.

हेतू चांगला होता, निष्पन्न भलतंच झालं. ‘आर’ मिळालं तर सतरा वर्षांखालच्या मुलाला मोठं माणूस सोबत लागतं, म्हणजे शाळकरी गिऱ्हाईक हातचं जातं. ‘पीजी-१३’ला कुणीही एकटं जाऊ शकतं. मग मोठ्या खर्चाचा प्रत्येक सिनेमा या पायरीवर बसवायची धडपड सुरू झाली. मंडळाचा नियम असा की ‘पीजी-१३’मध्ये हिंसा असू शकते, पण ती वास्तव वाटणारी आणि त्याच वेळी टोकाची किंवा सतत चालणारी नसावी. स्टुडिओंनी त्यातून सोपी वाट काढली : वास्तवपणा काढून टाका. शेकडो माणसं मरू द्या, इमारती कोसळू द्या, फक्त रक्त नको, किंकाळी नको आणि नंतर रडणारं कुणी नको.

‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ मध्ये एक अभ्यास आला होता. भरपूर गल्ला जमवलेल्या ‘पीजी-१३’ सिनेमांतली बंदुकीची हिंसा १९८५ पासून तिपटीहून जास्त वाढली, आणि २०१२ मध्ये तर ती ‘आर’ सिनेमांनाही मागे टाकून गेली, असं त्यात आढळलं. म्हणजे जी पायरी मुलांना आवरायला बांधली, तिच्यावरच गोळ्या जास्त.

याच पायरीवर ‘टायटॅनिक’मधलं नायिकेचं विवस्त्र चित्र काढण्याचं दृश्यही बसलं, हेही सांगितलं पाहिजे. नग्नता कामुक नसेल आणि थोडी असेल तर मंडळ डोळेझाक करतं. अमेरिकन मंडळाला देहापेक्षा देहाच्या सुखाचं वावडं जास्त आहे.

‘सुखाचं वावडं’ हे जरा जास्तच होत नाही का?

‘बॉईज डोन्ट क्राय’ (१९९९) घ्या. एका तरुणाला तो जन्माने मुलगी होता म्हणून छळून मारल्याची ही सत्यकथा. मंडळाने सुरुवातीला ‘एनसी-१७’ची भीती घातली. दिग्दर्शिका किम्बर्ली पीअर्स यांनी नंतर सांगितलं की आक्षेप नायिकेच्या शरीरसुखाच्या क्षणावर होता, तो फार लांबतो म्हणून. डोक्यात झाडलेल्या गोळीवर आक्षेप नव्हता. २००६ च्या ‘धिस फिल्म इज नॉट येट रेटेड’ या माहितीपटात त्यांनी ही हकीकत सांगितली आहे. तो माहितीपट मंडळातल्या गुप्त सदस्यांची नावं खासगी गुप्तहेर लावून शोधून काढतो. पद्धत जरा आगाऊ आहे, पण बघण्यासारखा आहे.

शिव्यांचं गणित तर याहून गमतीचं. एफ अक्षराची ती शिवी ‘पीजी-१३’मध्ये साधारण एकदा चालते, तीही राग व्यक्त करायला. तोच शब्द लैंगिक अर्थाने आला तर ‘आर’. तोतऱ्या राजाची गोष्ट सांगणारा ‘द किंग्ज स्पीच’ उपचाराच्या प्रसंगातल्या शिव्यांपायी अमेरिकेत ‘आर’ ठरला, ब्रिटनमध्ये बारा वर्षांच्या मुलांना चालला.

‘एनसी-१७’ला निर्माते एवढे का घाबरतात?

कारण ते धंद्याचं मरण आहे. आधी त्या जागी ‘एक्स’ होतं. सुरुवातीला त्याला बट्टा नव्हता, उलट ‘मिडनाइट काउबॉय’ला ‘एक्स’ असूनही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पण संघटनेने ‘एक्स’ अक्षराचा ट्रेडमार्क घेतला नव्हता. अश्लील सिनेमावाल्यांनी ते उचललं, एकाचे तीन केले आणि अक्षराची अब्रू गेली. १९९० मध्ये ‘हेन्री अँड जून’पासून ‘एनसी-१७’ आलं, पण बदनामी नव्या नावालाही चिकटली. कित्येक वृत्तपत्रं अशा सिनेमाची जाहिरात घेईनात, कित्येक थिएटरवाले तो लावेनात, ब्लॉकबस्टर या व्हिडिओ भाड्याने देणाऱ्या कंपनीची दुकानं त्याच्या कॅसेट ठेवीनात.

म्हणून कुब्रिकच्या ‘आइज वाइड शट’मध्ये (१९९९) अमेरिकन प्रेक्षकासाठी संगणकावर तयार केलेल्या बुरखाधारी आकृत्या प्रणयदृश्यांच्या पुढे उभ्या केल्या. युरोपात त्या नव्हत्या.

कायदाही असाच फरक करतो का?

अमेरिकेत करतो, आणि अगदी उघडपणे. तिथे ‘अश्लीलते’ला घटनेचं संरक्षण नाही आणि अश्लीलता म्हणजे फक्त लैंगिक मजकूर. हिंसा कितीही बीभत्स असली तरी ती अभिव्यक्ती. कॅलिफोर्नियाने हिंसक व्हिडिओ गेम मुलांना विकायला बंदी घातली तेव्हा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केली. न्यायमूर्ती स्कालियांचा मुद्दा असा की मुलांच्या गोष्टींत पूर्वीपासून रक्तपात आहे. ग्रिमच्या परीकथाच बघा. शिवाय असे खेळ मुलांना हिंसक बनवतात हे समोर ठेवलेल्या अभ्यासांतून सिद्ध होत नाही. त्यांचं हे म्हणणं वाचताना पटतं.

मग न्यायमूर्ती ब्रायर यांचं विरोधी मत वाचावं. त्यांनी विचारलं, तेरा वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचं चित्र असलेलं मासिक विकायला बंदी, आणि ज्या खेळात तो स्वतः एका स्त्रीला बांधतो, छळतो आणि मारतो तो विकायला संरक्षण, यात अर्थ काय? या प्रश्नाला बहुमताच्या निकालात मला तरी समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

आणि टीव्ही?

तिथेही तेच. २००४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, गायिका जॅनेट जॅक्सनचं वक्ष क्षणभर उघडं पडलं आणि सरकारी आयोगाने सीबीएस वाहिनीला साडेपाच लाख डॉलर दंड ठोकला. पुढे न्यायालयाने तो रद्द केला. त्याआधी १९९७ मध्ये एनबीसीने ‘शिंडलर्स लिस्ट’ न कापता दाखवला, तेव्हा ओक्लाहोमाचे खासदार टॉम कोबर्न यांनी त्यातल्या नग्नतेसकट सगळ्यावर टीका केली. ती नग्नता म्हणजे छळछावणीत कपडे उतरवायला लावलेली माणसं. चहूबाजूंनी टीका झाल्यावर त्यांनी माफी मागितली.

पण या फरकाचं कारण काय? प्युरिटन, म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंट, धर्म?

ते कारण सगळ्यांच्या तोंडी असतं. थोडं खरंही आहे, पण पुरेसं नाही. अमेरिकेत सिनेमावर सर्वांत मोठा दबाव आणला तो कॅथलिकांनी, आणि कॅथलिक देश तर युरोपातही आहेत.

मला धंद्याचं कारण जास्त वजनदार वाटतं. जॉर्ज गर्बनर या माध्यम-अभ्यासकाचं म्हणणं होतं की विनोदाला आणि नाट्याला भाषा लागते, संस्कृती लागते, पण मारामारी जगाच्या बाजारात कुठेही खपते. हॉलिवूड जगभर विकतं. फ्रेंच किंवा डॅनिश सिनेमा मुख्यतः घरच्या प्रेक्षकासाठी, सार्वजनिक पैशाच्या मदतीने बनतो. त्याला गाड्या उडवायला परवडत नाही. दोन माणसं आणि एक पलंग परवडतो.

तिसरं कारण शाळेचं. स्वीडनमध्ये १९५५ पासून लैंगिक शिक्षण सक्तीचं आहे. डेन्मार्कने १९६९ मध्ये प्रौढांसाठीची चित्रपट-सेन्सॉरशिपच काढून टाकली. वर्गात जे शिकवलं जातं ते पडद्यावर दिसल्याने धक्का कसला बसणार? आणि जर्मनीसारख्या देशाला हिंसेच्या उदात्तीकरणाची भीती का वाटावी, हे त्यांचा विसाव्या शतकाचा इतिहास पाहिला की वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणजे युरोप मोकळाढाकळा, असंच ना?

‘युरोप’ म्हणून एक प्रेक्षक अस्तित्वात नाही, आणि जो मोकळेपणा दिसतो तो फार जुनाही नाही. बर्तोलुचीच्या ‘लास्ट टँगो इन पॅरिस’च्या प्रती नष्ट करण्याचा आदेश इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिला, दिग्दर्शकाला निलंबित शिक्षा झाली आणि पाच वर्षं त्याचा मतदानाचा हक्क गेला. इटलीने सरकारी सेन्सॉरशिप अधिकृतपणे मोडीत काढली ती थेट २०२१ मध्ये. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँको गेल्यावर १९७७ मध्ये ती संपली, आणि त्यानंतर तिथल्या पडद्यावर कपडे उतरवण्याची जी लाट आली तिला कलेपेक्षा उपासमार जास्त कारणीभूत होती.

फ्रान्समध्येही एक पुराणमतवादी संघटना न्यायालयात जाऊन सिनेमांची वयोमर्यादा वाढवून आणते. गास्पार नोए यांचा ‘लव्ह’ २०१५ मध्ये असाच सोळावरून अठरावर गेला.

हिंसेच्या बाबतीत जर्मनी आणि ब्रिटन खरे कडक. ‘द टेक्सस चेनसॉ मॅसकर’ जर्मनीत १९८५ पासून २०११ पर्यंत जप्त होता. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात व्हिडिओवरच्या भयपटांनी एवढा हलकल्लोळ माजवला की १९८४ मध्ये खास कायदा करावा लागला. तिथल्या मंडळाचे प्रमुख जेम्स फर्मन यांना तर नानचाकूचं, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांडक्यांचं, भारी वावडं, त्यामुळे ब्रूस लीच्या सिनेमांतून ते हत्यार वर्षानुवर्षं कापलं गेलं. निन्जा टर्टल्सही तिथे ‘हिरो टर्टल्स’ झाले. लैंगिक हिंसेबद्दल मात्र ब्रिटिश मंडळाची दक्षता मला योग्य वाटते : नुसती नग्नता एकवेळ चालेल, पण बलात्कार चवीने दाखवलेला चालणार नाही.

युरोपियन दिग्दर्शक हिंसा टाळतात का?

मुळीच नाही. ऑस्ट्रियाच्या मिखाएल हानेके यांच्या ‘फनी गेम्स’मध्ये (१९९७) दोन तरुण एका कुटुंबाला मजेखातर छळतात. बहुतेक वार पडद्याबाहेर होतात, आपल्याला उरलेल्यांचं विव्हळणं ऐकवलं जातं, आणि ते संपतच नाही. ‘पीजी-१३’च्या बरोब्बर उलट. हानेकेंनी २००७ मध्ये हाच सिनेमा इंग्रजीत, जवळजवळ दृश्यागणिक तसाच पुन्हा काढला, कारण ज्याच्यासाठी तो आहे तो प्रेक्षक अमेरिकेत आहे असं त्यांना वाटत होतं.

या मोकळेपणाची किंमत कुणी मोजली?

अभिनेत्रींनी. ‘लास्ट टँगो’च्या वेळी मारिया श्नायडर एकोणीस वर्षांची होती. त्यातल्या बळजबरीच्या दृश्यात लोणी वापरायचं ठरलंय हे तिला आधी सांगितलं नव्हतं, हे बर्तोलुचीने २०१३ मध्ये कबूल केलं, ती वारल्यानंतर. हयात असताना तिने आपल्या अपमानाबद्दल सांगितलं होतं, तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. ‘ब्लू’च्या दोघी नायिकांनीही चित्रीकरणाच्या छळाबद्दल तक्रार केली. प्रणयदृश्यांसाठी स्वतंत्र समन्वयक नेमण्याची पद्धत एचबीओने २०१८ मध्ये आपल्या सगळ्या मालिकांना लागू केली. सोवळ्या अमेरिकेने या बाबतीत कलावंत युरोपला मागे टाकलं.

आपल्याकडे हे सिनेमे कसे येतात?

प्रणयाच्या बाबतीत अमेरिकेपेक्षा सोवळे होऊन. २०१५ मध्ये बाँडच्या ‘स्पेक्टर’मधली चुंबनं आपल्या मंडळाने निम्मी केली, गोळीबाराची लांबी मात्र तशीच. ‘ओपेनहायमर’ अमेरिकेत ‘आर’, जर्मनीत बारा वर्षांवरच्यांना खुला, आणि आपल्याकडे फ्लॉरेन्स प्यूच्या अंगावर संगणकाने काळा पोशाख चढवून ‘यूए’. डेव्हिड फिंचरने ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ कापायला नकार दिला, तर २०१२ मध्ये तो इथे लागलाच नाही.

महोत्सवांना सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळते, म्हणून पुण्याच्या ‘पिफ’ला किंवा गोव्याच्या ‘इफ्फी’ला युरोपियन सिनेमा अखंड पाहता येतो. फिल्म सोसायट्यांच्या भरभराटीच्या काळात काही स्वीडिश सिनेमांच्या खेळांना उसळणारी गर्दी निव्वळ कलाप्रेमाची नव्हती, हे जुने सभासद हसत मान्य करतील. पण सूटही सरकारच्या मर्जीवर. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी सिनेमा २०१७ मध्ये इफ्फीच्या निवड समितीने निवडूनही मंत्रालयाने वगळला. तो कलाशाळेत चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका मॉडेलवर आहे.

घरी मुलांसोबत बघायचं तर कुठलं रेटिंग धरावं?

एकच धरू नका. ब्रिटिश मंडळाच्या संकेतस्थळावर सिनेमात नेमकं काय आहे ते थोडक्यात लिहिलेलं असतं, अमेरिकन रेटिंगखालीही एका ओळीत कारण असतं. ‘आर’ दिसलं तर कारण शिव्यांचं आहे की रक्ताचं ते बघा. आणि ‘पीजी-१३’ दिसलं की निर्धास्त होऊ नका.

ओटीटीमुळे हे सगळं निरर्थक झालं का?

बरंचसं. मर्लिन मन्रोवरचा ‘ब्लाँड’ २०२२ मध्ये ‘एनसी-१७’ घेऊन नेटफ्लिक्सवर आला. थिएटरमालकांवर भिस्त नाही, जाहिरात नाकारणाऱ्या वृत्तपत्रांवर नाही, त्यामुळे त्या शिक्क्याला दातच उरले नाहीत. मोठ्या पडद्यासाठी कोट्यवधी डॉलर ओतणारे स्टुडिओ मात्र अजून ‘पीजी-१३’च्याच मागे आहेत, कारण शाळकरी पोरांचं तिकीट त्यांना आजही हवं आहे.